जोडणी झाली, हालचाल आली नाही : नोव्हा प्रथिनांचे एक प्रकरण

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील रॉबर्ट डार्नेल यांच्या प्रयोगशाळेने २००९ साली उंदरांवरील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या उंदरांमध्ये नोव्हा-१ आणि नोव्हा-२ ही दोन्ही प्रथिने तयार होत नव्हती आणि ते जन्मतःच लुळे होते. त्यांच्या स्नायूंवर मज्जातंतूंची जोडणी नीट झालेली नव्हती. तिचे कारणही हाती आले होते : ॲग्रिन या प्रथिनाचा जो प्रकार चेतापेशींनी बनवायला हवा, तो या उंदरांमध्ये बनतच नव्हता. संशोधकांनी तो प्रकार जनुकीय मार्गाने परत मिळवून दिला. जोडणी झाली, तिच्यातून संदेश जाऊ लागला, बाहेरून चेतवल्यावर स्नायू आकुंचन पावू लागला. पण पिल्ले लुळीच राहिली.

स्प्लायसिंग प्रथिनांविषयी, म्हणजे जनुकाच्या संदेशातले कोणते तुकडे ठेवायचे हे ठरवणाऱ्या नोव्हासारख्या प्रथिनांविषयी, लिहिताना आपण बहुधा एक सरळ साखळी मांडतो. प्रथिन बिघडले, त्यामुळे जनुकाच्या संदेशातला एक तुकडा गळाला, त्यामुळे चेतासंधी, म्हणजे चेतापेशीचा पुढच्या पेशीशी असलेला सांधा, बिघडली आणि म्हणून वर्तन बदलले. वरील प्रकरणात या साखळीची प्रत्येक कडी तपासून पाहिली गेली आणि शेवटची कडी जुळली नाही. माझ्या मते, या क्षेत्रातून शिकण्यासारखे जे आहे त्याचा मोठा भाग या न जुळण्यात आहे, आणि म्हणून हे प्रकरण येथे सविस्तर मांडत आहे.

आजारातून सापडलेले प्रथिन

नोव्हाचा शोध उंदरांत लागला नाही. तो रुग्णांच्या रक्तात लागला. काही कर्करुग्णांना, विशेषतः स्तनाचा कर्करोग असलेल्या स्त्रियांना, एक विचित्र चेताविकार होतो. डोळे स्वतःहून सर्व दिशांना वेगाने उड्या मारू लागतात, हातपाय आणि धड अचानक झटके घेतात, चालताना तोल राहत नाही. काहींच्या स्मृतीवर आणि आकलनावरही परिणाम होतो. वैद्यकात या लक्षणसमूहाला ऑप्सोक्लोनस-मायोक्लोनस-ॲटॅक्सिया म्हणतात. ज्या रुग्णांत तो कर्करोगाच्या सोबतीने येतो, त्यांच्यात अनेकदा चेताविकार आधी दिसतो आणि कर्करोग नंतर सापडतो. ही गाठ मेंदूत पसरलेली नसते. गाठीतील पेशी एरवी फक्त चेतापेशींत असणारे एक प्रथिन बनवू लागतात, प्रतिकारसंस्था त्याला परके समजून त्याच्याविरुद्ध उभी राहते आणि तोच हल्ला पुढे मेंदूवर होतो.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रात जेरोम पोस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये अशा रुग्णांच्या रक्तातील एका प्रतिपिंडाचे (अँटीबॉडीचे) वर्णन केले आणि त्याला 'अँटी-री' असे नाव दिले. हा प्रतिपिंड ज्या प्रथिनाला चिकटतो, त्याचे जनुक १९९३ मध्ये डार्नेल यांच्या गटाने शोधले. ते प्रथिन म्हणजे नोव्हा-१. त्याच्या रचनेत आरएनएला, म्हणजे जनुकावरून उतरलेल्या संदेशाला, पकडणारे, 'केएच' नावाने ओळखले जाणारे तीन भाग होते. ते प्रामुख्याने हायपोथॅलॅमस, मध्यमेंदू, पश्चमेंदू आणि मज्जारज्जू यांत आढळते. त्याचे जुळे भावंड नोव्हा-२ नंतर सापडले. ते मेंदूच्या बाह्यकात आणि स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागात अधिक असते. ज्या रुग्णांत हालचालींच्या बिघाडाबरोबर स्मृतिभ्रंशही असतो, त्यांच्यात नोव्हा-२ लक्ष्य होत असावे, हा अंदाज त्यावरूनच पुढे आला.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. रुग्णांमधील प्रतिपिंड नोव्हाची आरएनएला धरण्याची क्षमता रोखतात, हे प्रयोगशाळेत १९९६ मध्येच दिसून आले. परंतु नोव्हा पेशीच्या आत, मुख्यतः केंद्रकात असते, आणि रुग्णाच्या मेंदूत प्रत्यक्ष हानी प्रतिपिंड करतात की प्रतिकारसंस्थेतील मारक टी-पेशी, हा स्वतंत्र प्रश्न आहे. या आजाराने दिशा दाखवली, एवढेच म्हणणे योग्य ठरेल. नोव्हा नसल्यावर काय घडते, याचा पुरावा मात्र उंदरांकडूनच घ्यावा लागला.

नोव्हा काय करते

जनुकावरून प्रथम जो आरएनए उतरतो, त्यात प्रथिनाची माहिती असलेले तुकडे, म्हणजे एक्सॉन, आणि त्यांच्यामध्ये माहिती नसलेले लांब पट्टे, म्हणजे इंट्रॉन, असतात. इंट्रॉन कापून एक्सॉन जोडण्याच्या क्रियेला स्प्लायसिंग म्हणतात. काही एक्सॉन ठेवायचे की वगळायचे हे ऊतीनुसार आणि काळानुसार बदलते, त्यामुळे एकाच जनुकातून थोड्या वेगवेगळ्या गुणांची प्रथिने मिळतात. मेंदूत ही विविधता फार मोठी आहे, आणि ती निवड करणाऱ्या प्रथिनांपैकी नोव्हा हे एक.

नोव्हा आरएनएवर 'यू-सी-ए-यू' अशा चार अक्षरांच्या पुनरावृत्ती ओळखते. या पुनरावृत्ती एक्सॉनच्या नंतरच्या इंट्रॉनमध्ये असतील तर तो एक्सॉन बहुधा ठेवला जातो. त्या एक्सॉनमध्येच किंवा त्याच्या आधीच्या पट्ट्यात असतील तर तो वगळला जातो. प्रथिन तेच, पण त्याची बसण्याची जागा बदलली की निकाल उलटतो. २००६ मध्ये येर्ने उले आणि सहकाऱ्यांनी हा नियम इतका स्पष्ट मांडला की केवळ आरएनएचा क्रम पाहून अनेक एक्सॉनांचे भवितव्य आधी सांगता येऊ लागले.

मात्र या प्रकरणाच्या दृष्टीने २००३ चे काम अधिक महत्त्वाचे आहे. जिवंत ऊतीत नोव्हा कोणकोणत्या आरएनएला प्रत्यक्ष धरून बसले आहे, हे पाहण्यासाठी त्याच गटाने 'क्लिप' ही पद्धत विकसित केली. उंदराच्या मेंदूतील ऊतीवर अतिनील किरण टाकले की प्रथिन आणि त्याला लागून असलेला आरएनए एकमेकांना पक्के जोडले जातात. मग प्रतिपिंडाच्या साह्याने ते प्रथिन बाहेर काढून त्याला चिकटलेला आरएनए वाचता येतो. या पद्धतीत ३४ जनुकांचे आरएनए पुन्हा पुन्हा सापडले. त्यांपैकी तीन चतुर्थांश जनुके चेतासंधीवर काम करणारी प्रथिने बनवतात आणि एक तृतीयांश जनुकांचा संबंध चेतापेशींना शांत करणाऱ्या, म्हणजे अवरोधक संदेशांशी आहे. ग्लायसिन आणि गॅबा ही असे अवरोधक संदेश नेणारी रसायने, आणि ती ओळखणारी पेशीवरील प्रथिने म्हणजे त्यांचे ग्राही. हे दोन्ही ग्राही नोव्हाचे लक्ष्य असल्याचे आधीच माहीत होते. आता या दोन्ही ग्राहींना चेतासंधीवर एका जागी बांधून ठेवणारे गेफिरिन हे प्रथिनही त्या यादीत आले.

हे वाचताना प्रथम जाणवते ते या यादीचे सुसंगतपण. आरएनएला धरणारे एखादे प्रथिन पेशीतील हजारो संदेशांना थोडेथोडे चिकटत असेल, अशी अपेक्षा ठेवणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात नोव्हा एका विशिष्ट कामाशी संबंधित जनुकांचा संच एकत्र सांभाळताना दिसले. शरीराची हालचाल वेळेवर थांबवता न येणे हे रुग्णांचे मुख्य लक्षण आणि अवरोधक चेतासंधीचे घटक ही नोव्हाची लक्ष्ये, या दोहोंचा मेळ येथे स्पष्टपणे बसला.

लुळे पिल्लू आणि ॲग्रिनची दुरुस्ती

केवळ नोव्हा-१ नसलेले उंदीर जन्मतात तेव्हा सामान्य दिसतात. पण ते वाढत नाहीत, त्यांची हालचाल बिघडत जाते आणि ते लवकरच मरतात. त्यांच्या मज्जारज्जूत आणि मेंदूच्या देठात चेतापेशी मरताना आढळतात. दोन्ही नोव्हा नसतील तर मात्र पिल्लू जन्मतःच लुळे असते.

अशा पिल्लाच्या श्वासपटलाची तपासणी केली, तेव्हा पहिला दोष जिथे मज्जातंतू स्नायूला भिडतो तिथेच दिसला. निरोगी स्नायूत ॲसिटिलकोलीनचे, म्हणजे मज्जातंतू स्नायूला संदेश देण्यासाठी सोडतो त्या रसायनाचे, ग्राही मज्जातंतूच्या टोकासमोर दाट गोळा झालेले असतात. या पिल्लांत ते गोळा झालेच नव्हते. हे ग्राही गोळा करण्याचा आदेश स्नायूला ॲग्रिनकडून मिळतो. ॲग्रिन अनेक पेशी बनवतात, परंतु प्रेरक चेतापेशी, म्हणजे मज्जारज्जूतून स्नायूला आदेश देणाऱ्या चेतापेशी, बनवतात त्या ॲग्रिनमध्ये 'झेड' या जागी दोन छोट्या एक्सॉनांमुळे ८, ११ किंवा १९ अमिनो आम्लांचा जादा तुकडा असतो. स्नायूवरील एलआरपी-४ आणि मस्क या प्रथिनांची जोडी प्रभावीपणे चेतवते ते हेच झेडयुक्त ॲग्रिन. स्नायू स्वतः बनवतो त्या ॲग्रिनमध्ये हा तुकडा नसतो आणि ते या कामी जवळजवळ निरुपयोगी ठरते. केवळ झेड एक्सॉन काढून टाकलेल्या उंदरांत जोडणी होत नाही, हे १९९९ मध्येच सिद्ध झाले होते. नोव्हा नसलेल्या पिल्लांत नेमके हेच एक्सॉन वगळले जात होते.

म्हणजे निदान पूर्ण झाले होते. स्प्लायसिंग प्रथिन ठाऊक, बिघडलेला एक्सॉन ठाऊक, त्या एक्सॉनचे काम ठाऊक आणि त्याच्या अभावाने लुळेपणा येतो हेही ठाऊक. बहुतेक शोधनिबंध येथे थांबतात, आणि येथे थांबले असते तर कोणी आक्षेपही घेतला नसता. डार्नेल यांच्या प्रयोगशाळेतील मात्तेओ रुज्जू आणि सहकारी थांबले नाहीत, ही या कामाची मोठी गोष्ट आहे. प्रेरक चेतापेशींत झेडयुक्त ॲग्रिन कायम बनत राहील अशी उंदरांची जात घेऊन त्यांनी तिचा संकर नोव्हा नसलेल्या उंदरांशी केला. या संततीत ॲग्रिनला नोव्हाची गरज उरत नव्हती. बाकी सर्व लक्ष्ये मात्र नोव्हाविनाच होती.

ग्राही गोळा झाले. विद्युत् मापनात चेतासंधीवर आपोआप होणारे लहान संदेश दिसले, चेतना दिल्यावर येणारे मोठे संदेशही दिसले, आणि स्नायू आकुंचन पावला. मज्जातंतूचा लांब धागा, त्याचे टोक, चेतासंधी आणि स्नायू हा सारा मार्ग चालू स्थितीत होता. तरीही पिल्लू स्वतःहून हलत नव्हते.

या मापनांतून निघणारा निष्कर्ष एकच होता. दोष स्नायूपासून मागे, मज्जारज्जूच्या दिशेने होता. आदेश वाहून नेणारा मार्ग ठीक होता, पण प्रेरक चेतापेशी आदेश पाठवतच नव्हती. पहिल्या दोषामुळे हा दुसरा दोष झाकला गेला होता. जोडणीच नसलेल्या पिल्लात चेतापेशी संदेश सोडते की नाही, हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारण नव्हते.

चेतापेशी गप्प का राहिली

प्रेरक चेतापेशी एकटीने निर्णय घेत नाही. मज्जारज्जूतील मध्यस्थ चेतापेशी आणि मेंदूच्या देठातून येणारे धागे यांच्या उत्तेजक व अवरोधक संदेशांची बेरीज होऊन तिचा स्फुरण पावण्याचा, म्हणजे विद्युत् संदेश सोडण्याचा, क्षण ठरतो. नोव्हाची लक्ष्ये नेमकी या बेरजेत गुंतलेली आहेत. उलट, अवरोधक ग्राही बिघडले तर चेतापेशी अधिक स्फुरायला हवी, गप्प का बसावी, अशी शंका येथे रास्तपणे येते. तिचे उत्तर विकासाच्या टप्प्यात असू शकते, असे मला वाटते. गर्भावस्थेत चेतापेशींच्या आत क्लोराइडचे प्रमाण जास्त असते, आणि त्यामुळे गॅबा व ग्लायसिन त्या वयात पेशीला शांत न करता उत्तेजित करतात. मज्जारज्जूतील जाळ्याची सुरुवातीची लयबद्ध हालचाल अंशतः त्यांच्यावरच चालते. नोव्हाचे एक लक्ष्य असलेला ग्लायसिन ग्राहीचा अल्फा-२ हा घटक मुख्यतः याच वयात असतो. प्रौढपणी 'अवरोधक' म्हणवणारे घटक जन्माच्या सुमारास बिघडले, तर जाळे अतिउत्तेजित होण्याऐवजी मूक राहू शकते. हे माझे अनुमान आहे. २००९ चा प्रयोग चेतापेशीच्या स्फुरणापर्यंत आणून सोडतो.

जन्मानंतरच्या मेंदूत मात्र चित्र रुग्णांच्या लक्षणांशी जुळणारे दिसते. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लिली जान आणि यूह नुंग जान यांच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये हिप्पोकॅम्पसचा अभ्यास केला. तेथील पेशींवर पुन्हा पुन्हा उत्तेजक संदेश आले की तो संदेशमार्ग दीर्घकाळ बळकट होतो, हे सर्वपरिचित आहे. त्यांनी दाखवले की त्याच घटनेने गॅबा-बी ग्राहीमार्फत येणारा संथ अवरोधक संदेशही दीर्घकाळ बळकट होतो. गती वाढते तशी तिला आवरणारी शक्तीही वाढते. नोव्हा-२ नसलेल्या उंदरांत उत्तेजक संदेशाचे बळकट होणे शाबूत राहिले. अवरोधक संदेशाचे बळकट होणे नाहीसे झाले. शिकण्याची यंत्रणा दोन बाजूंची असेल, तर त्यांतली एक बाजू एका स्प्लायसिंग प्रथिनावर अवलंबून असल्याचा हा थेट पुरावा होता.

२०१३ मध्ये डार्नेल यांच्या गटाने यात आणखी एक भर घातली, आणि माझ्या मते जाळ्याच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. नोव्हा काही जनुकांच्या इंट्रॉनमध्ये दडलेले असे एक्सॉन नियंत्रित करते, जे संदेशात आले तर तो संदेश पेशी नष्ट करून टाकते. म्हणजे प्रथिन कोणत्या प्रकारचे असावे याबरोबर ते किती असावे, हेही स्प्लायसिंगच ठरवते. उंदरांना झटके आणले तेव्हा पेशीतील नोव्हाची जागा बदलली, या दडलेल्या एक्सॉनांचे प्रमाण बदलले आणि चेतासंधीवरील अनेक प्रथिनांचे प्रमाणही बदलले. आनुवंशिक अपस्माराशी संबंध असलेली काही प्रथिने त्यांत होती. ज्या उंदरांत नोव्हा जनुकांची मात्रा केवळ कमी होती, पूर्ण गेलेली नव्हती, त्यांना अपस्माराचे झटके आपोआप येत होते. जाळ्याची विद्युत् क्रिया नोव्हाला बदलते आणि नोव्हा जाळ्याची उत्तेजनक्षमता बदलते, असे हे दुहेरी नाते आहे. मग नोव्हाला कारण म्हणावे आणि जाळ्याच्या क्रियेला परिणाम, ही विभागणी फार काळ टिकत नाही.

उलट बाजूचा पुरावा

एका एक्सॉनच्या दुरुस्तीने कधीच भागत नाही, असा अर्थ यातून काढला तर तो चुकीचा ठरेल. स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठात पीटर शायफेले यांच्या गटाने २०१६ मध्ये एसएलएम-२ या दुसऱ्या स्प्लायसिंग प्रथिनाबाबत अगदी वेगळा निकाल दिला. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत हिप्पोकॅम्पसमधील उत्तेजक चेतासंधींची लवचीकता, म्हणजे वापरानुसार बळ बदलण्याची क्षमता, बिघडते आणि वर्तनही बदलते. त्यांनी चेतासंधीवरील प्रथिन बनवणाऱ्या न्यूरेक्सिन-१ या जनुकातील केवळ एका एक्सॉनचे प्रमाण जनुकीय मार्गाने पूर्ववत केले, आणि चेतासंधीची लवचीकता व वर्तन दोन्ही सुधारले.

दोन प्रयोगांची रचना सारखी आणि निकाल विरुद्ध, याचे कारण लक्ष्यांच्या संख्येत आणि स्वरूपात आहे. एसएलएम-२ ची लक्ष्ये मोजकीच आहेत, आणि त्यांत न्यूरेक्सिनचा वाटा प्रमुख आहे. नोव्हाची लक्ष्ये अनेक आहेत आणि त्यांतली बरीच प्रथिने एकमेकांशी जोडून काम करतात. नोव्हा-२ वर अवलंबून असलेल्या प्रथिनांपैकी ज्यांचे साथीदार ठाऊक होते, त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश आपसांतच बांधली जातात, असे २००५ च्या एका विश्लेषणात दिसले होते. तेव्हा 'स्प्लायसिंग प्रथिनांचा वर्तनावर परिणाम कसा होतो' या प्रश्नाला एकच उत्तर मागणे व्यर्थ आहे. प्रत्येक प्रथिनासाठी दुरुस्तीचा प्रयोग वेगळा करावा लागतो. तो केलेला नसेल, तर एखाद्या एक्सॉनला वर्तनाचे कारण म्हणण्याचे धाडस करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ सहसंबंधावर बेतलेले असे दावे, विशेषतः ऑटिझमच्या संदर्भात, आजही सर्रास केले जातात.

माणसाकडे परत

२०२० मध्ये नोव्हा-२ च्या जनुकात नव्याने उद्भवलेले बदल असलेल्या सहा व्यक्तींचे वर्णन प्रसिद्ध झाले. हे बदल आईवडिलांकडून आलेले नव्हते. त्या सर्वांमध्ये जनुकाची अक्षरे तीन-तीनच्या गटांत वाचण्याची चौकट सरकल्यामुळे प्रथिनाचे शेवटचे टोक बदलून एकाच प्रकारचे वाढीव टोक तयार झाले होते. बौद्धिक अक्षमता, उशिरा येणारी हालचाल व भाषा, ऑटिझमसारखी वैशिष्ट्ये आणि स्नायूंचा ढिलेपणा अशी लक्षणे त्यांच्यात होती. कर्करुग्णांच्या डोळ्यांच्या उड्यांपासून सुरू झालेला हा शोध आता लहान मुलांच्या विकासापर्यंत आला होता.

अशा मुलांसाठी उपचाराचा विचार करताना पाठीच्या मज्जारज्जूशी संबंधित एसएमए (स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी) या आजाराचे उदाहरण हमखास समोर येते. लहान मुलांच्या महागड्या उपचारासाठी लोकवर्गणी उभी केल्याच्या बातम्यांमुळे हा आजार महाराष्ट्रातही बऱ्याच जणांना ठाऊक झाला आहे. त्यावरील न्यूसिनर्सेन हे औषध, ज्याला अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली, स्प्लायसिंगवरच काम करते. पाठीच्या कण्यातून दिलेला हा आरएनएसारखा छोटा धागा एसएमएन-२ जनुकाच्या आरएनएवर बसतो आणि वगळला जाणारा सातवा एक्सॉन ठेवायला लावतो. आजाराचे मूळ एका प्रथिनाच्या कमतरतेत आहे आणि दुसऱ्या जनुकातील एक एक्सॉन ठेवला की ते प्रथिन मिळते, म्हणून हा उपाय चालतो.

नोव्हा-२ च्या मुलांबाबत हा मार्ग जसाच्या तसा उचलता येणार नाही. त्यांच्यात बिघाड निवड करणाऱ्या प्रथिनातच आहे, आणि त्याच्या खालचा एक एक्सॉन सुधारला तर काय होते, हे ॲग्रिनच्या प्रयोगाने दाखवलेले आहे : तेवढीच एक जागा सुधारते आणि तिच्यामागे झाकलेला पुढचा दोष उघडा पडतो. त्यांच्यासाठी प्रयत्न नोव्हा-२ ची स्वतःची मात्रा आणि शाबूत टोक परत मिळवण्याच्या पातळीवर व्हायला हवेत. त्यातही मात्रा अचूक राखावी लागेल, कारण ज्या उंदरांत ती केवळ कमी झाली होती, त्यांनाही अपस्मार टळलेला नव्हता.